बिशपसाहेबांचं ब्राँझचं पदक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरातल्या फडताळात, क्रूसाशेजारी, एक ब्राँझचं पदक उभं असायचं. आजोबा मिशनमध्ये कॅटेकिस्ट मास्तर, म्हणजे धर्मशिक्षण देणारे, होते. डिसेंबर १९६४ मध्ये ते औरंगाबादहून छोट्या लाइनच्या गाडीने मनमाडला गेले, तिथे मोठ्या लाइनची गाडी धरून मुंबई गाठली आणि येताना हे पदक घेऊन आले. आजी दर नाताळाला ते चिंच आणि मीठ लावून घासायची. आजीचा जीव होता त्या पदकावर, म्हणूनच ती घासायची. मी ते हातात घेण्याएवढा मोठा झालो, तोवर चेहऱ्याचं नाक गेलं होतं आणि कडेची अक्षरं नुसत्या उंचवट्यासारखी लागत होती. मागची बाजू मात्र भिंतीकडे असल्यामुळे कुणी घासली नव्हती. तिथे प्याला, त्यावर पवित्र भाकर आणि १९६४ हे साल स्वच्छ होतं. त्या मागच्या बाजूवरूनच मला कळलं की नाक गेलेला हा माणूस म्हणजे पोप पॉल सहावे.

तेव्हापासून मी अशी पदकं पाहत, विचारत, वाचत आलो आहे. जालना, छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड इथल्या ख्रिस्ती घरांतून आणि चर्चच्या पंचकमिट्यांकडून तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

पदक, नाणं आणि बिल्ला यांत फरक काय?

नाणं सरकार काढतं आणि त्यावर किंमत असते. बिल्ला छातीला लावायचा असतो. स्मृतिपदकाला किंमतही नसते आणि बहुतेक वेळा लावायला कडीही नसते. ते तळहातावर ठेवून, उलटसुलट करून बघण्यासाठी केलेलं असतं. आपल्याकडे गळ्यात घालायची मरियामातेची छोटी ॲल्युमिनियमची पदकं असतात, ती भक्तीची. त्यांतलं सगळ्यांत जास्त दिसणारं ‘चमत्कारी पदक’ १८३० मध्ये पॅरिसमधल्या कॅथरीन लाबुरे या सिस्टरना झालेल्या दर्शनावरून आलं. आपण इथे बोलतो आहोत ते त्याहून मोठं, जड आणि एखाद्या धर्मपुढाऱ्याच्या आठवणीसाठी काढलेलं पदक.

भारत सरकारने २००९ मध्ये संत अल्फोन्सा आणि २०१० मध्ये मदर तेरेसा यांच्या जन्मशताब्दीची नाणी काढली. ती नाणीच, पदकं नव्हेत. पुष्कळ घरांत ही पाच रुपयांची नाणी ‘मदरचं मेडल’ म्हणून जपलेली दिसतात. जपा, पण त्यांची नोंद करताना नाणं असंच लिहा.

कांस्यपदक म्हणजे तिसरा नंबर ना? मग बिशपसाहेबांना ब्राँझचं कशाला?

हा प्रश्न पंचकमिटीच्या बैठकीत हमखास येतो. कुणीतरी म्हणतंच, “साहेबांचा सुवर्णमहोत्सव आहे आणि पदक कांस्य?” सोनं-चांदी-ब्राँझ ही उतरंड खेळांतली आहे, आणि ऑलिंपिकमध्येसुद्धा ती १९०४ पासूनची. पदक घडवणाऱ्यांसाठी ब्राँझ ही पहिल्या पसंतीची धातू आहे. ती साच्यात बारीक रेघेपर्यंत शिरते, फार चमकत नाही म्हणून चेहऱ्यावरच्या सावल्या नीट दिसतात, आणि वितळवून विकण्याचा मोह कुणाला होत नाही. सोन्याची पदकं अडचणीच्या काळात मोडली गेली, ब्राँझची उरली.

ब्राँझ म्हणजे आपलं कांसंच का?

कुटुंब एकच, पण माणूस वेगळा. दोन्हींत तांबं आणि कथील. काशाच्या वाटीत किंवा चर्चच्या घंटेत कथील जवळपास पाचवा हिस्सा असतं, म्हणून ती छान वाजते आणि पडली तर तडकते. पदकाच्या ब्राँझमध्ये कथील बरंच कमी, कारण ठशाखाली धातूने दबायचं असतं. ओतकामाचे कारखाने बहुधा गनमेटल वापरतात: ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी पाच टक्के. पितळेत कथिलाच्या जागी जस्त. पदकाची खोल गेलेली रेघ बघा. तिथे पिवळा रंग डोकावत असेल तर ‘ब्राँझ’ म्हणून दिलेलं पदक पितळेचं असू शकतं.

चेहऱ्याचं पदक काढायची पद्धत आली कुठून?

आज आपण ज्याला पोर्ट्रेट मेडल म्हणतो ते इटलीत सुरू झालं, आणि त्याला निमित्त चर्चचंच होतं. १४३८ मध्ये पूर्व आणि पश्चिम चर्चमधली फूट मिटवण्यासाठी फेरारा इथे परिषद भरली. कॉन्स्टँटिनोपलहून सम्राट जॉन आठवा पॅलिओलोगोस तिथे आला. पिसानेलो या चित्रकाराने त्याला पाहिलं, त्याची उंच टोपी, टोकदार दाढी टिपली आणि त्याचं पदक ओतलं. पुढे पोप मंडळींनी ही कला उचलून धरली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पोप पाचवे पॉल यांच्या काळापासून दरवर्षी संत पेत्र आणि संत पौल यांच्या सणाला, २९ जूनला, पोपचं वार्षिक पदक काढायची प्रथा पडली.

पण धातूच्या चकतीवर माणसाचा चेहरा ही गोष्ट मराठवाड्याला नवी नाही, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. सातवाहन राजांची चांदीची नाणी बघा, एका बाजूला राजाचा चेहरा आहे. पैठण ही त्यांचीच राजधानी. आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रोमन नाण्यांवरून छाप घेतलेल्या भाजल्या मातीच्या चकत्या मिळाल्या आहेत, काहींना ओवायला भोक आहे. रोमच्या सम्राटाचा चेहरा तेरच्या कुणा बाईने दोन हजार वर्षांपूर्वी गळ्यात घातला असेल. तेरच्या लामतुरे संग्रहालयात गेलात तर घाईने बाहेर पडू नका.

आमच्या पेटीत एक पदक सापडलंय. ते कुणाचं आणि कधीचं, हे कसं ओळखायचं?

आधी मागची बाजू वाचा. सगळेजण चेहरा बघत बसतात आणि “हे ते फादर असतील, नाही ते बिशप असतील” असा वाद घालतात. चेहऱ्यावरून ओळख पटणं अवघड असतं. साल, गाव आणि निमित्त हे बहुधा मागेच लिहिलेलं असतं.

पदक हातात धरून वाचायची एक रीत आहे. संध्याकाळी दिवे मालवा, पदक टेबलावर ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च अगदी कडेने, जवळजवळ टेबलाला टेकवून धरा. वरून प्रकाश टाकला तर झिजलेली अक्षरं दिसेनाशी होतात. कडेने टाकला की त्यांची सावली पडते. टॉर्च घड्याळाच्या काट्यासारखा पदकाभोवती फिरवा आणि दर थोड्या अंतराने फोटो काढा. आमच्या आजोबांच्या पदकावर दुपारी मला काहीच वाचता येत नव्हतं. टॉर्च आडवा धरल्यावर डाव्या खांद्यामागे एक ‘आन्नो’ उगवला.

हा ‘आन्नो’ फार कामाचा आहे. पोपच्या पदकांवर मजकूर लॅटिनमध्ये असतो. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरतात, त्यामुळे ‘पॉलुस’ वाचताना अडखळायला होतं. ‘पोंट मॅक्स’ म्हणजे पोंतिफेक्स माक्सिमुस, सर्वोच्च धर्मगुरू. ‘आन्नो’पुढचा रोमन आकडा म्हणजे त्यांच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष ते. पॉल सहावे २१ जून १९६३ ला निवडले गेले, म्हणजे डिसेंबर १९६४ हे त्यांचं दुसरं वर्ष. आमच्या पदकावर दोन उभ्या रेघा होत्या, हिशेब जुळला. भारतात आलेले ते पहिले पोप. मुंबईत ओव्हल मैदानावर ३८ वी आंतरराष्ट्रीय युखरिस्टिक काँग्रेस, म्हणजे पवित्र भाकरीच्या संस्काराभोवती भरणारा कॅथलिकांचा मेळावा, भरली होती, आणि २ ते ५ डिसेंबर पोप मुंबईत होते. त्या वेळची पदकं मराठवाड्यातल्या कॅथलिक घरांत मिळतात ती अशी, आजोबांसारख्या माणसांच्या पिशवीतून आलेली.

स्थानिक बिशपचं पदक असेल तर धर्मप्रांताचं नाव बघा. औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत १७ डिसेंबर १९७७ ला अमरावतीपासून वेगळा झाला. म्हणजे ‘औरंगाबादचे बिशप’ असं लिहिलेलं कॅथलिक पदक त्याआधीचं असूच शकत नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे नाव दिसलं तर २९ नोव्हेंबर १९७० नंतरचं, कारण त्या दिवशी नागपूरला सहा पंथ एकत्र येऊन ते चर्च झालं. शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर असेल तर २०२३ किंवा त्यानंतरचं.

मग पोशाख. उंच दुटोकी टोपी म्हणजे मायटर, हातातली वळलेली काठी म्हणजे क्रोझियर, छातीवर मोठा क्रूस: हे बिशप. डोक्यावर घट्ट बसणारी छोटी गोल टोपी असेल तर बहुधा कॅथलिक. नुसती पांढरी कॉलर असेल तर ते पाळकसाहेब, फादर किंवा बिशप कुणीही असू शकतात, त्यावरून काही ठरवू नका.

शेवटी मानेखालची छोटी सही किंवा आद्याक्षरं शोधा. ती बिशपची नव्हेत, पदक घडवणाऱ्या शिल्पकाराची. आमच्या ओळखीच्या एका घरात बरीच वर्षं शिल्पकाराचं नाव बिशपचं समजून प्रार्थनेत घेत होते. त्या प्रार्थनेला हरकत काहीच नाही, पण वहीतली नोंद मात्र दुरुस्त करून घेतली.

ओतलेलं आहे की ठशाने मारलेलं, हे कळतं का?

कळतं. ठशाचं, म्हणजे पोलादी ठशांमध्ये दाबून केलेलं, पदक कडक दिसतं, अक्षरांच्या कडा बोटाला टोचतात आणि मोकळी जागा आरशासारखी सपाट असते. ओतलेल्या पदकाच्या कडा थोड्या मऊ, भिंगातून पाहिलं तर पृष्ठभागावर बारीक टाचणीएवढे खड्डे, आणि कडेला कानशीच्या खुणा. जुन्या ओतीव पदकाची कुणी साच्यावरून पुन्हा नक्कल केली असेल तर ती मूळ पदकापेक्षा किंचित लहान भरते, कारण ब्राँझ थंड होताना आक्रसतं. दोन घरांत ‘तेच’ पदक असेल तर व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीने, दोन्ही मोजा.

पदक काळं पडलंय. घासू का?

नाही.

लिंबू नको, चिंच नको, राख नको, दात घासायची पेस्ट नको, भांड्यांची पावडर नको, सोनाराकडचं मशीनही नको. तो काळा-तपकिरी थर मळ नाही. बहुतेक पदकांवर तो करणाऱ्यानेच गंधकाच्या रसायनाने आणि उष्णतेने मुद्दाम चढवलेला असतो, म्हणजे खोलगट भाग गडद राहतो आणि गाल, कपाळ उजळ उठून दिसतं. तो थर काढला की चेहरा सपाट होतो. आणि ब्राँझवरची उंची असते किती? पुष्कळ पदकांवर कानापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत सगळा माणूस दोन-तीन मिलिमीटरमध्ये बसवलेला असतो. दर नाताळाला त्यातला एक पदर आपण चिंचेबरोबर मोरीत धुऊन टाकतो.

आजीला मी हे कधी सांगितलं नाही, ती गेल्यावर मला कळलं. पण आज माझ्या वयाच्या पुष्कळांच्या घरी आजी आहे, काकू आहे. त्यांना प्रेमाने सांगा आणि घासायच्या ऐवजी मऊ सुती कापडाने पुसायचं काम त्यांच्याकडेच द्या.

धूळ बसली असेल तर मऊ ब्रशने झटका. चिकट मळ असेल तर डिस्टिल्ड वॉटर, तेच बॅटरीत घालायचं, आणि रंगाचा मऊ ब्रश. मग लगेच टिपून, पंख्याखाली पूर्ण वाळवून ठेवा. बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडचं पाणी जड असतं, क्षारांचे पांढरे डाग राहतात.

त्यावर हिरवी पूड आलीय. ती पण राहू द्यायची?

इथे नियम उलटा आहे. घट्ट बसलेला, गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी रंग राहू द्या. पण फिकट हिरवी, भुकटीसारखी, बोटाला लागणारी पूड ठिपक्या-ठिपक्यांनी येत असेल तर तो ब्राँझचा रोग आहे. मीठ आणि दमट हवा मिळाली की आतलं तांबं खात खात तो पसरतो. घासण्यासाठी मीठ वापरलेल्या पदकांवर तो जास्त दिसतो, यात नवल नाही. असं पदक बाकीच्यांपासून वेगळं करा, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा आणि एखाद्या संग्रहालयातल्या संवर्धकाला दाखवा. घरी उपचार करू नका.

ठेवायचं कसं?

आपली हवा या बाबतीत कृपाळू आहे. मुंबई-वसईच्या खाऱ्या दमट हवेपेक्षा मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ब्राँझ चांगलं टिकतं. जपायचं ते पावसाळ्याचे चार महिने.

नोटा-नाण्यांच्या अल्बममधली लवचीक, वास येणारी प्लॅस्टिकची पाकिटं टाळा. ती पीव्हीसीची असतात आणि काही वर्षांनी पदकावर हिरवा चिकट थर सोडतात. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, रबर बँड लावू नका. पांढरं, धुतलेलं, खळ नसलेलं सुती कापड, वर कडक प्लॅस्टिकची नाण्यांची डबी, आत सिलिका जेल, एवढं पुरे. औषधाच्या बाटलीत आणि बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका. हात लावायचा तर कडेला धरा. घामातलं मीठ बोटाच्या ठशासकट धातूवर उमटतं आणि मग निघत नाही.

आमच्या मंडळीला (चर्चच्या सभासदांना) नवं पदक काढायचं आहे. सुरुवात कुठून करू?

मागच्या बाजूपासून. हे मी हट्टाने सांगतो. बैठकीत सगळा वेळ फोटो कोणता घ्यायचा यावर जातो आणि मागे ‘जन्म, दीक्षा, सुवर्णमहोत्सव’ असं तीन ओळींत उरकतात. पन्नास वर्षांनी पदक कुणाच्या हाती लागलं तर त्याला कळलं पाहिजे की या माणसाने इथे केलं काय. शाळा काढली? दुष्काळात विहिरी खोदल्या? कुष्ठरोग्यांची सेवा केली? जे केलं त्याचं एक चित्र मागे असू द्या. विहीर, रहाट, शाळेची घंटा, ज्वारीचं कणीस, काहीही, पण इथलं. परदेशी कॅटलॉगमधली द्राक्षांची वेल आणि ऑलिव्हची फांदी कृपा करून नको.

कुणाचं पदक काढावं असं मला विचारलं तर माझ्या मनात पहिलं नाव येतं रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचं. माझं आजोळ जालन्याचं, प्रोटेस्टंट, त्यामुळे हे नाव लहानपणापासून कानावर आहे. ब्राह्मण घरातला हा तरुण १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाला. त्याच्यामागून मिशनमध्ये राहायला गेलेला धाकटा भाऊ श्रीपत, त्याच्यावरून कोर्टापर्यंत गेलेलं प्रकरण आणि त्याला जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी घेतलेली बाजू, हे महाराष्ट्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. नारायण शेषाद्रींना १८५४ मध्ये पाळक म्हणून दीक्षा मिळाली. पुढच्या दशकात ते निजामाच्या मुलखात, जालन्याला आले, आणि ज्यांना गावाबाहेर राहावं लागे अशा मांग-महार ख्रिस्ती कुटुंबांसाठी जालन्याजवळ त्यांनी गावच वसवलं. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या सरकारकडून जमीन मिळवली आणि गावाला नाव दिलं बेथेल, हिब्रूत ‘देवाचं घर’. १८७३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत बोलले. १८९१ मध्ये परदेशातून परतताना बोटीवरच वारले. ज्या मुलखासाठी राबले तिथे त्यांची माती नाही. अशा माणसाचं एक पदक बेथेलच्या मातीतल्या घरांत असावं असं मला मनापासून वाटतं. मागच्या बाजूला गावाचा नकाशा: ओळीने घरं, मध्ये चर्च, विहीर.

आणि त्यांच्या डोक्यावर मायटर घालू नका! ते प्रेस्बिटेरियन होते, त्या पंथात बिशप नसतात. पागोटंच हवं. ‘धर्मपुढारी आहेत ना, मग हातात काठी द्या’ असं म्हणणारे लोक मी पाहिले आहेत.

चेहरा बाजूनेच का दाखवतात?

कारण उंची कमी आहे. समोरून दाखवलं तर नाक सगळ्यांत वर येतं आणि तेच आधी झिजतं. बाजूने दाखवलं तर कपाळ, नाक, ओठ, हनुवटी ही एकच रेघ माणूस ओळखायला पुरते. चष्मा असेल तर शिल्पकाराची परीक्षा असते; बाजूने एक काडी आणि काचेची कड एवढंच दाखवून निभावतं.

म्हणून समोरून काढलेला पासपोर्ट फोटो देऊ नका. बाजूचे, कुणीतरी लग्नात, सहभोजनात, नकळत काढलेले फोटो शोधा. एका शिल्पकाराच्या खोलीत मी मातीचं मूळ चित्र होताना पाहिलं आहे. परातीएवढ्या चकतीवर एका दिवंगत पाळकसाहेबांचा चेहरा होता. फोटोबरहुकूम होता, मापात होता. त्यांच्या पत्नी आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “हे आमचे साहेब नव्हेत.” काय चुकलं ते त्यांना सांगता येईना. मग त्यांनीच आपला खालचा ओठ किंचित आत ओढून दाखवला. उपदेशाला उभं राहण्याआधी ते असं करायचे म्हणे. शिल्पकाराने लाकडी कोरणीने ओठाखालची माती तांदळाच्या दाण्याएवढी काढली. बाई रडायला लागल्या, आणि आम्हाला कळलं की आता जमलं.

ते घडवतात कसं?

मातीच्या मोठ्या चकतीवरून प्लास्टरचा साचा घेतात. पूर्वी त्या मोठ्या चित्रावरून यंत्राचा काटा फिरवून दुसऱ्या टोकाला पोलादात लहान ठसा कोरला जाई. आता बहुतेक ठिकाणी थ्रीडी स्कॅन करून संगणकावर कोरतात. ठसा पाणी देऊन कडक करतात आणि दोन ठशांच्या मध्ये ब्राँझची चकती दाबतात. उठाव जास्त असेल तर एका दाबात काम होत नाही. चकती तापवून मऊ करायची, पुन्हा दाबायची.

ओतायचं असेल तर मेणाचं पदक करतात, त्यावर मातीचे किंवा सिरॅमिकचे लेप, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत मुशीतलं ब्राँझ. मेणाच्या वजनाच्या साधारण नऊ-दहा पट धातू लागतो. ही रीत आपल्याच मुलखात लिहून ठेवलेली आहे: कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेण तोलून धातू घेण्याचं वर्णन आहे. ती कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या उमरग्यापासून हाकेच्या नसलं तरी एसटीच्या अंतरावर.

किती काढावीत आणि केवढं?

पन्नासच्या आत हवी असतील तर ओतून घ्या. शेकड्याने हवी असतील तरच ठशाचा खर्च परवडतो. व्यास साठ मिलिमीटर आणि जाडी चार मिलिमीटर ठेवली तर वजन शंभर ग्रॅमच्या आसपास येतं आणि हातात पदक असल्यासारखं वाटतं. त्याहून पातळ केलंत तर बिल्ला होतो. मुंबईची सरकारी टांकसाळही पदकं करून देते. कुणाकडूनही करा, पण शंभर काढण्याआधी एक नमुना हातात घ्या. आमच्या ओळखीच्या एका मंडळीने फोनवरच्या चित्राला होकार दिला आणि ‘शुभवर्तमान’मधला रफार सगळ्या पदकांवर चुकीच्या अक्षरावर आला.

मजकूर कोणत्या भाषेत?

मराठीत. लॅटिन आपल्या पोपच्या पदकांवर शोभतं. देवनागरीला शिरोरेघ आहे आणि गोल कडेवर ती वळवावी लागते, म्हणून संगणकावरचा तयार टाइप गोल फिरवून चिकटवू नका. अक्षरं हाताने काढून घ्या आणि शब्द कमी ठेवा. वचन घालायचं तर अध्याय आणि ओवी लिहा. सगळं वचन बसवायला गेलात तर मुंगीएवढी अक्षरं होतात.

कायद्याची काही अडचण?

नव्या पदकावर रुपयांचा आकडा नको, नाण्यासारखं वापरता येईल असं काही नको. अशोकस्तंभाचं राजचिन्ह घालू नका, २००५ च्या कायद्याने त्याला बंदी आहे. जुनं पदक शंभर वर्षांपेक्षा जास्त जुनं असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकतं. ते परदेशातल्या नातेवाइकाला परस्पर पाठवता येत नाही. शेतात किंवा जुन्या वाड्याच्या पायात सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

माणसाचं पदक काढणं म्हणजे मूर्तिपूजा नाही का?

हा प्रश्न प्रोटेस्टंट मंडळ्यांत येतो आणि तो मनापासून विचारलेला असतो, म्हणून उत्तरही तसंच द्यायला हवं. दहा आज्ञांतली ती आज्ञा प्रतिमा करून तिच्या पाया पडण्याबद्दल आहे. चर्चच्या भिंतीवर संगमरवरी स्मृतिफलक असतो, तसंच हे पदक. पण ते वेदीवर ठेवू नका, त्याला हार घालू नका, दिवा लावू नका. कॅथलिक घरांत पदकावर आशीर्वाद घेतात, त्यात काही वावगं नाही. तुमच्या मंडळीत कुणाच्या मनाला ते लागत असेल तर पदक चर्चमध्ये न ठेवता शाळेत ठेवा.

आमच्या पदकाची किंमत किती येईल?

१९६४ च्या पदकांसारखी मोठ्या संख्येने निघालेली ब्राँझ पदकं बाजारात फार महाग नसतात, आणि घासलेली तर आणखी स्वस्त. विकू नका असं मी म्हणेन. विकणाऱ्याकडून पदक जातं आणि घेणाऱ्याला त्याच्याबरोबरची हकिकत मिळत नाही. घरात कुणालाच नको असेल तर धर्मप्रांताच्या कार्यालयात, गावच्या चर्चमध्ये किंवा संग्रहालयात द्या आणि पोच पावती घ्या.

हकिकत लिहून ठेवायची म्हणजे नेमकं काय लिहायचं?

एक जाड कागदाचं कार्ड घ्या, पेन्सिलने लिहा. शाई पसरते. पदकाच्या डबीतच, पण पदकाला न टेकता ठेवा. व्यास, जाडी, वजन, दोन्ही बाजूंचा मजकूर जसा दिसतो तसा, न वाचता आलेल्या अक्षरांच्या जागी टिंबं. मग ते घरात कुणी आणलं, कुठून, कधी, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं. सांगणाऱ्याचं नाव विसरू नका.

आमच्या कार्डावर असं आहे: “पोप पॉल सहावे. मुंबई, १९६४. आजोबांनी ओव्हल मैदानावरून आणलं, मनमाडला गाडी बदलली. नाक नाही, आजीने चाळीस नाताळ घासलं.”